रूपेशच्या छातीतली कळ

निशिगंधा रबाळ्याच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे नवी एमआरएनए लस तयार होत होती, आणि तिच्यात आरएनएचे नको असलेले तुकडे राहिलेत का, हे तपासणं तिचं काम. नावडे गावात तिच्या शेजारी हौसेराव भगत राहत. भातशेती गेल्यावर त्यांनी चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा रूपेश याच लशीच्या चाचणीसाठी नाव देऊन आला, तेव्हा ते तडक तिच्या दारात आले.

"बाय, सुईनं पोराचं जीन बदलतं म्हनं. मोबाइलवर आलंय. खरं हाय?"

"नाही काका. जीन असतात तिथवर हा आरएनए जातच नाही. विषाणूचा एक तुकडा कसा बनवायचा, एवढा निरोप देतो आणि काही दिवसांत मोडून जातो."

"मंग त्याच्यात बदल केलाय म्हनं, तो कसला?"

"हा निरोप चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, त्यातलं एक बदललंय. बाहेरचा आरएनए दिसला की शरीर भडकतं. अक्षर बदललं की भडका कमी होतो, निरोप पोचतो." ती हसली. "हे ज्यांना सुचलं, त्यांचं मला अजून नवल वाटतं."

"म्हंजे धोका नाय."

"आहे," निशिगंधा म्हणाली. "अशा लशींनी क्वचित तरुण पोरांच्या हृदयाला सूज आलीय. बहुतेक जण बरे झाले. पण छातीत दुखलं तर घरी बसायचं नाही. आणि मी तिथलाच पगार घेते, काका. माझ्या एकटीचं ऐकू नका, चाचणीच्या डॉक्टरांना विचारा."

हौसेरावांनी डॉक्टरांना अर्धा तास प्रश्न विचारले आणि मग होकार दिला.

सुई टोचल्यावर तिसऱ्या दिवशी रूपेशच्या छातीत कळ आली. हौसेरावांनी आधी निशिगंधाला फोन केला, मग पोराला चाचणीच्या हॉस्पिटलात नेलं. ती काम सोडून हॉस्पिटलात आली आणि रिपोर्ट येईपर्यंत बाकावर त्यांच्याशेजारी बसून राहिली. डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावून बसवलं; ईसीजी, रक्त, सगळं ठीक निघालं होतं. आदल्या दिवशी रूपेशने गॅसचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवला होता. स्नायू दुखावला असावा, डॉक्टर म्हणाले.

हौसेराव उठले. निशिगंधा बसूनच होती.

"डॉक्टर, याची नोंद होईल ना?"

"लिहितोय."

"पोर बरा हाय ना? मंग कशाला? लोक म्हनतील, लशीनंच झालं. तुमचंच नाव जाईल."

"जाऊ दे. कशाने झालं ते आपण इथे बसून ठरवायचं नाही, काका. हजारो लोकांत अशी किती दुखणी निघतात, ते मोजल्यावर कळतं. अडचणीची तेवढी गाळली, तर माझ्या तपासणीला काय अर्थ?"

हौसेराव खुर्ची ओढून पुन्हा डॉक्टरांसमोर बसले.

"पयल्या दिवशी ताप पन आलता त्याला. लपवलान पोरानं. तो बी लिवा."

चाचणीत तुलनेसाठी काहींना लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचतात; रूपेशला त्यातलं काय मिळालं होतं, हे तेव्हा त्या खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.