पाटलांनी ऐकलेलं स्वगत

राजा दुसऱ्या अंकात मेला नाही. हे तुम्ही ऐकलंच नाहीत, असं धरून चालू या. नाटकात अशा बोलण्याला स्वगत म्हणतात.

महिपतने तिसऱ्या अंकासाठी प्रधानाचं काम पत्करलं होतं. दुसऱ्या अंकात राजाला दुधातून विष दिलं, की तिसरा अंक सगळा त्याचा. सिंहासन, मुकुट आणि समोर आटगावहून आलेले सासरे. लग्नाला पाच वर्षं झाली तरी सासरे त्याला 'जावईबापू' म्हणत नव्हते, 'ह्यो' म्हणत.

लढाईपायी बत्त्यांना रॉकेल मिळेना, म्हणून नाटक भरदुपारी खळ्यावर लागलं. राजा होते काळूराम, गावचे पोलीस पाटील.

महिपत लोकांकडे तोंड करून खणखणीत म्हणाला, "या दुधात मी विष कालवलं आहे. राजा आता वाचत नाही."

काळूराम सिंहासनावरून उतरले. "काय कालवलंस?"

"पाटील, तुमाला ऐकू येत नाय," महिपत पुटपुटला.

"दोन हातांवर बोंबलतोस आन ऐकू येत नाय?"

"स्वगत हाय ते. निसतं पब्लिकला ऐकू येतं."

"मंग साक्षीदार दोनशे झाले."

सकुबाईचं लुगडं टांगून विंग केली होती. विंगेमागे पुस्तक धरून बसलेला प्रॉम्प्टर गोजर कुजबुजला, "राजा दूध पितो. प्या, पाटील."

"लपलेला ह्यो दुसरा आरोपी," म्हणत पाटलांनी त्याला लुगड्यासकट ओढून बाहेर काढलं.

सकुबाई गर्दीतून उठली. "लुगडं माजं, दूदबी माज्या म्हशीचं. इख म्हनाल तर बगा."

शेवटी पाटलांनी प्रधानालाच दूध प्यायला लावलं. तो मेला नाही. "इरादा तर व्हता," म्हणत पाटलांनी शेल्याने त्याचे हात बांधले. खळं शिट्ट्यांनी दणाणलं. वन्समोर.

महिपत तीनदा पकडला गेला, तीन तांबे दूध प्यायला. उजेड सरला, तिसरा अंक राहिला. सासऱ्यांनी स्वतः त्याचे हात सोडले.

"जावईबापू, राजा कुनीबी होतो. तीन तांबे पचवायला मर्द लागतो."

महिपतला आभाळ ठेंगणं झालं. पण मुकुट काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज लिहिला आणि रीतीप्रमाणे पाटलांच्याच हाती दिला:

'मे. मामलेदारसाहेब, मुरबाड, यांचे सेवेशी. पुढील प्रयोगी आमचे पोलीस पाटील यांना दुसरा अंक संपेतोवर सरकारी हुकुमाने बहिरे ठरवावे, व ते मयत झाल्याची त्यांना लेखी समज देण्यात यावी, ही विनंती.'