डोलीच्या मागचा खांदा

सेजलने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, गोधडीत गुंडाळलं आणि आतल्या खोलीत तांदळाच्या पिंपावर नेऊन ठेवलं. मग पंखा बंद केला, फ्रिजचं बटण बंद केलं आणि पडवीत घुटमळणाऱ्या कोंबडीला हुसकून दार लोटून घेतलं. रेकॉर्डरला बारीकसा आवाजही ऐकू जातो, असं कार्यशाळेत सांगितलं होतं.

एरवी चंद्रभागाबाईंनी विचारलंच असतं, घड्याळानं तुझं काय घोडं मारलंय गो? आज त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सुनेची धावपळ नुसती बघत होत्या. चंद्रभागाबाई गप्प आहेत असं कापडे गावात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी आधी डॉक्टरला बोलावलं असतं. पण त्या कालपासून गप्प होत्या, आणि त्याला कारण सेजलच होती.

सेजल महाडच्या एका वाचनालयात काम करते. पुरात तिथल्या तळमजल्यावरचं सगळं गेलं, तेव्हापासून वाचनालयाच्या मंडळींना जुनं जपण्याची एक हुरहूर लागून राहिली होती. त्यामुळे जुनी दप्तरं आणि वस्तू सांभाळणाऱ्यांसाठी महाडात कार्यशाळा भरणार म्हटल्यावर सेजलचं नाव सगळ्यात आधी गेलं. सुरुवातीला भिजलेला कागद वाळवायचा कसा, वाळवी ओळखायची कशी, हे झालं. काल विषय होता तो माणसांचा. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात कशा साठवायच्या, ते शिकवायला पुण्याहून अंकिता मॅडम आल्या होत्या.

मॅडमनी सगळ्यांना जोडीजोडीने एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावल्या आणि त्या सगळ्यांसमोर वाजवून दाखवल्या. सेजलच्या मुलाखतीत समोरचा माणूस जरा थांबला की लगेच सेजलचा आवाज येत होता. हो हो, अच्छा, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय ना. वर्गात हशा पिकला.

"माणूस थांबला म्हणजे संपला असं नाही," मॅडम हसत म्हणाल्या. "त्याचं वाक्य तुम्ही पुरं केलंत, की ते तुमचं होतं. त्याचं तसंच आत राहून जातं. मान हलवा, वाट बघा. त्याला शब्द सापडेपर्यंत तुमचं तोंड बंद."

सगळे हसत असताना सेजलच्या डोळ्यांपुढे घरची खिडकी आली.

तिच्या सासऱ्यांच्या, कुशाबांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता तीनेक वर्षं होतील. उजवा हात गेला, पाय घासत चालतो आणि बोलणं फार सावकाश झालं. शब्द आत असतात, पण दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ चंद्रभागाबाईंकडे कधीच नव्हता. कुशाबांनी 'मला' म्हणेपर्यंत त्या पाण्याचा तांब्या पुढे करत. आल्यागेल्याशी, डॉक्टरांशी, मुंबईहून फोन करणाऱ्या सेजलच्या नवऱ्याशी, दीपेशशीही त्याच बोलत. "बाबा बरे हायत, इचारतायत तू कंदी येनार," असं त्या लेकाला सांगत, आणि कुशाबा शेजारी बसून ऐकत. खरं सांगायचं तर सेजलही तेच करायची. पण मागच्या महिन्यात एकदा कुशाबा खिडकीकडे बोट करून काहीतरी सांगू लागले. चंद्रभागाबाई उठल्या, वारा लागतो म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून टाकली. कुशाबा त्या बंद खिडकीकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग कूस बदलून झोपले. हे सेजलने पाहिलं होतं. त्यांना खिडकी बंद करून हवी होती की सताड उघडी, कोण जाणे.

काल संध्याकाळी पोलादपूरहून जीपने घरी आल्या आल्या तिने हे सगळं सासूला सांगितलं. नव्याने शिकलेलं माणसाला पोटात ठेवता येत नाही, आणि ते आधी घरच्यांवरच उतरतं. वर ती म्हणाली, "आपण बाबांना बोलूच देत नाही, आई. उद्या मी त्यांची मुलाखत घेणार आहे, ते आजारी माणसांची डोली वाहायचे त्याची. तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही."

चंद्रभागाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीत तसाच राहिला.

"म्हंजी मी त्यांचं बोलनं खाते?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही हो आई."

"तसंच म्हनालीस तू."

मग त्या बोलल्याच नाहीत. जेवणं झाली, भांडी झाली, तरी नाहीत. सकाळी कुशाबांना चहा देताना त्या कप हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि नवरा काही मागतोय का, याची वाट बघू लागल्या. चहा गार झाला. कुशाबा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी चंद्रभागाबाई कप खाली ठेवून मागल्या दारी गेल्या आणि सेजल गेली तेव्हा न्हाणीच्या कठड्याशी डोळे पुसत होत्या.

"इतकी वर्सं त्यांच्या मनात काय येगळंच आसंल," त्या म्हणाल्या, "नि मी आपली बडबडतच ऱ्हायले. तू इचार त्यांना. माझ्याकडनं नाय व्हायचं. मशीन लाव नि इचार."

"असं सरळ विचारायचं नसतं, आई. त्यांना जे सांगायचं ते सांगू द्यायचं."

"मंग सांगू दे. माझ्या इरोधात आसलं तरी सांगू दे."

सेजलला आपल्याच शहाणपणाची लाज वाटली. चार दिवसांची कार्यशाळा करून आपण या बाईच्या उभ्या संसारावर शेरा मारला, असं तिला वाटलं. पण आता बोललेलं गिळता येणार नव्हतं.

तर सेजलने घड्याळ आत नेऊन ठेवलं, फ्रिज बंद केला, आणि कुशाबांच्या खुर्चीसमोरच्या स्टूलवरचा पाण्याचा पेला खाली ठेवून तिथे रेकॉर्डर ठेवला. चंद्रभागाबाई उठून म्हणाल्या, मी शेजारी जाऊन बसते. कुशाबांनी लगेच डावा हात वर केला आणि त्या पुन्हा उंबऱ्याशी बसेपर्यंत तो खाली घेतला नाही. शाळेतल्या पोरीसारखी हाताची घडी घालून त्या बसल्या. वरून पदराचं टोकही त्यांनी तोंडात धरलं.

रेकॉर्डरचा लाल दिवा लागला.

"बाबा, वरच्या वाडीतून आजारी माणसाला खाली रस्त्यावर कसं आणायचे, ते सांगा ना," सेजल म्हणाली.

कुशाबांनी ओठ हलवले. शब्द आला नाही. सेजलने मान हलवली आणि वाट बघितली. बाहेर कोंबडी दारावर टोचा मारत होती.

"डोली," कुशाबा म्हणाले.

सेजलच्या जिभेवर दहा प्रश्न येऊन परत गेले.

"कांबळ. नि... बांबू. एक पुढं. एक..."

उंबऱ्याशी चंद्रभागाबाईंची मान पुढे आली. शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी पदरासकट दातांखाली दाबला.

"मागं," कुशाबा म्हणाले आणि एवढं बोलून त्यांनी दम घेतला. शब्द आपला आपण सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसला, आणि सेजलला भरून आलं. त्यांना असं बोलताना ती कितीतरी दिवसांनी ऐकत होती.

"मागच्याला... वाट दिसत नाय. कांबळ दिसतो. नि आजारी मानूस."

"मग तो चालायचा कसा?"

"पुढचा बोलतो." आता शब्द जरा लवकर येऊ लागले होते. किंवा सेजलला वाट बघायची सवय होऊ लागली होती. "पुढचा सांगतो. धोंड हाय. ...डावीकडं घे. व्हाळ आला... पान्यात पाय जपून. मागचा ऐकतो... नि पाय टाकतो. रातचं... पावसाचं... तसाच."

"तुम्ही कुठे असायचात, बाबा?"

"मी पुढं." कुशाबा हसले. ओठाची एकच बाजू वर गेली. "कायम पुढं. माझा आवाज... लय मोठा. खालच्या आळीत ऐकू जायचा."

ते खरं होतं. चंद्रभागाबाईंनी ते कितीदा सांगितलं होतं, अगदी सेजल लग्न होऊन आली त्या दिवशीही. पण सासूच्या तोंडून ऐकताना तो मोठा आवाज सासूचाच वाटायचा.

पुढचा प्रश्न विचारावा की नाही, हे सेजलला कळेना. कार्यशाळेत असं शिकवलं होतं की आपल्याला हवं ते उत्तर प्रश्नात ठेवायचं नाही. तिने सासूकडे पाहिलं. चंद्रभागाबाई फरशीकडे बघत होत्या.

"आणि पुढचा कधी चुकीचं सांगायचा का?" तिने विचारलं. "दगड डावीकडे आणि सांगितलं उजवीकडे आहे, असं?"

"लय येळा," कुशाबा म्हणाले.

फरशीकडे बघणारी मान आणखी खाली गेली.

"मग मागचा काय करायचा?"

"ठेच लागते." कुशाबांना हसू आलं. ते आत दाबत दाबत त्यांनी पुढचं सांगितलं. "शिवी देतो. मनात. ...नि चालतो."

"मनात?"

"मनात. तोंडानं दिली तं... पुढचा रागावतो. गप होतो." त्यांनी मान हलवली. "गप झाला तं... वांदा. चुकीचा सांगितला... तरी चालंल. गप झाला तं... मागच्यानं पाय कुठं टाकायचा? डोली... हितंच थांबते."

बोलून ते थकले होते. कपाळावर घाम आला होता. एवढ्यावर थांबावं, या विचाराने सेजलने रेकॉर्डरकडे हात नेला, पण कुशाबांनी डाव्या हाताने तिला थांबवलं. मग तोच हात त्यांनी आपल्या छातीवर ठेवला.

"आता मी... मागं," ते म्हणाले.

सेजलने मान हलवली नाही. तिला ते सुचलंच नाही.

कुशाबांनी छातीवरचा हात उचलला आणि उंबऱ्याकडे केला.

"ही पुढं."

चंद्रभागाबाईंनी तोंडातला पदर काढला नाही. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळून हनुवटीवर आलं, तेही पुसलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"कालधरनं गप हाय," कुशाबा सुनेला म्हणाले. तक्रार करावी तसं. मग बायकोकडे वळले आणि ज्या आवाजात एकेकाळी सगळी वाट हाकली जायची, त्यातला उरलासुरला आवाज काढून म्हणाले, "बोल गो."

लाल दिवा चालू होता. सेजलने तो चालू राहू दिला.

चंद्रभागाबाईंनी पदराने तोंड पुसलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खुर्चीखाली पाहिलं आणि मग रडव्या आवाजात म्हणाल्या,

"पायाशी पेला हाय, बगा. लाथ लागंल."

कुशाबांनी पाय आत घेतला.