तिरका फोटो

चौथ्यांदा पोरीचा डावा पाय मुरगळला तेव्हा शाळेतल्या बाईंनी मला एकटीला आत घेतलं, दार लोटलं आणि विचारलं, "घरी कुणी हात उचलतं का हो मुलीवर?"

"माझ्या पोरीवर हात उचलायला कुणाची माय व्यालीय?"

"चिडू नका. पाचव्यांदा झालं तर आम्हाला वर कळवावं लागेल."

बोलले खरी, पण डोक्यात किडा शिरलाच. पुढच्या खोलीत ह्यांचं बूट दुरुस्तीचं दुकान. शाळेतून आली की पोर तिथेच. परवा तिथूनच "आई गं" ऐकलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते, "काही नाही, बूट घालून बघतोय."

घरी येऊन तिचा डावा बूट उचलला. आतलं अस्तर उचकटलं, तर टाचेखाली, आतल्या कडेला, कडक चामड्याची पाचर खिळलेली.

आयुष्यभराचं अहो-जाहो विसरले. "काय घातलंस तू हिच्या बुटात?"

ह्यांच्या हातातली आरी थांबली. "टाच आतून झिजवते ती. जरा उचलली की सरळ चालेल म्हटलं."

"मग लपवून?"

"तू कटकट करशील म्हणून."

"आणि मारलंस कितीदा?"

ह्यांनी आरी खाली ठेवली. पोर रडत म्हणाली, "बाबांनी नाही गं!" मी तिच्यावरही विश्वास ठेवला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची उजवी टाच धरून हलवली, ती डुलली. डावी लाकडासारखी. आधीचे एक्स-रेचे फोटो समोरून आणि बाजूने काढलेले. डॉक्टरीणबाईंनी तिरका काढायला लावला. म्हणजे बघा, आमच्याकडे सगळ्यांनी तिरकं पाहिलं, पायाकडे कुणी नाही!

फोटोत दोन सुटी असायला हवीत ती हाडं पुलासारखी जोडलेली. "जन्मापासूनचं आहे. लहानपणी मऊ असतं, आता कडक झालं. पाऊल आडवं झुकत नाही, म्हणून मुरगळतं. सहा आठवडे प्लास्टर. नाहीच थांबलं तर पूल कापून काढू."

"आणि ती पाचर?" मी विचारलं.

"त्यानं दुखणं वाढलं असेल. पण पाचरीनं हाडं जुळत नसतात."

शाळेतल्या बाईंनी दवाखान्याचा कागद वाचला. "बरं झालं," म्हणाल्या. माफी नाही. मी तरी ह्यांची कुठे मागितली?

प्लास्टर निघालं. ह्यांनी पाचर काढून बूट नव्याने शिवला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तपासून घ्या तुम्ही," म्हणाले.

लग्नापासून मला 'तू' म्हणणारा माणूस.