लांब दांड्याचा ब्रश

त्यानं आधी एक पाय टाकीत सोडला, मग दुसरा, आणि पोटाशी येऊन अडकला.

"श्वास सोड," ताई म्हणाली. "दरवर्षी तेच."

पोट आत ओढून तो कसाबसा खाली उतरला. वर आभाळाचा गोल तुकडा आणि त्यात ताईचं डोकं. बाहेर वसंतातली छान सकाळ, शेजारच्या झाडाला कोवळी पालवी, गच्चीवर वारा. आणि हा बाप्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत गाळ खरवडायला. उन्हाळ्याआधी टाकी धुवायची हे काम लहानपणीच त्याच्या गळ्यात पडलं, कारण तेव्हा तो काडीपैलवान होता. आता नव्हता, पण काम काही सुटलं नव्हतं. यात घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. म्हणणाऱ्यानं एकदा आत उतरून दाखवावं.

म्हणून दोघांची एक रीत होती. ताई बाहेरून टाकीवर ठकठक करायची, तो आतून करायचा. ती तिथंच आहे, एवढं कळलं की त्याचा जीव भांड्यात पडे.

तोंडावर काही सांगायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची. गणितात नापास झाल्याचं, ताईचं घड्याळ फोडल्याचं, सगळं त्यानं इथूनच सांगितलं होतं, प्लास्टिकच्या भिंतीकडे तोंड करून.

आई-वडील गेल्यापासून घरात दोघंच. साहेबांनी लांबच्या शहरात बदलीचं विचारलं आणि यानं हो म्हणून टाकलं. घरी मात्र तोंड उघडेना. रोज रात्री जेवताना आज सांगायचंच असं ठरवायचा आणि मीठ मागायचा. ताईचे गुडघे दुखायचे, जिना चढताना ती कठड्याला धरून थांबायची. तिला एकटीला टाकून जायची त्याला लाज वाटत होती. आणि जायचं तर होतंच, अगदी मनापासून.

तो एकच जागा कधीपासून घासत होता. बाहेरून ठकठक झाली. त्यानं उत्तर दिलं नाही. पुन्हा झाली.

"ताई, माझी बदली झालीय," तो भिंतीला म्हणाला. "मी हो म्हटलंय. पुढच्या महिन्यात जायचंय."

बाहेर काहीच हललं नाही. वर पाहिलं तर आभाळाच्या तुकड्यात डोकंही नव्हतं. आपण ओरडून हाक मारणार, असं त्याला वाटायला लागलं.

मग ठकठक झाली.

"कडेचं शेवाळ राहिलंय बघ," ताई म्हणाली. आवाज जरा बसलेला होता.

गाळाची शेवटची बादली वर देऊन तो बाहेर आला. उन्हानं डोळे दिपले. ते निवळले तेव्हा टाकीमागे भिंतीला टेकवलेला लांब दांड्याचा ब्रश त्याला दिसला. कोराकरकरीत, तारांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"हा कधी आणलास?"

"झाले बरेच दिवस. माळ्यावरची मोठी बॅग काढलीस, झटकलीस आणि गुपचूप परत ठेवलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पुढच्या वर्षी टाकी मला बाहेरूनच धुवावी लागणार."

त्यानं ब्रश उचलून पाहिला.

"मग आजही बाहेरूनच झालं असतं की. मला कशाला आत उतरवलंस?"

ताईनं वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, पाण्याचा कॉक सोडला.

"तू बाहेर कुठे बोलतोस," ती म्हणाली.