केवळरामकडचं सोलर

भंडाऱ्याच्या बसस्टँडामागं इश्वरचं दुकान होतं. डिझेल इंजिन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि उन्हाळी धानाच्या दिवसांत तर त्याला जेवायलाही फुरसत नसे. पण गावोगाव सोलरचे पंप बसत गेले, तशी इंजिनं मुकी झाली. इश्वर हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. जवाहरनगरच्या लोकांच्या मोटारसायकली, शेतकऱ्यांचे फवारणी पंप, मिळेल ते काम घेऊन त्यानं संसार नीट चालवला. जीव मात्र इंजिनातच अडकलेला.

एक भरवसा होता, केवळरामचा. नदीकाठच्या त्याच्या शेतातलं जुनं इंजिन दर उन्हाळ्यात न चुकता बंद पडायचं. मग इश्वरनं जायचं, आंब्याखाली इंजिन खोलायचं आणि दुपारी केवळरामच्या बायकोच्या, शकुंतलाबाईच्या हातची अंबाडीची भाजी खाऊनच परतायचं. त्यातूनच दोघांची मैत्री जमली होती.

यंदा धान निसवायला, लोंब्या धरायला आलं तरी निरोप नव्हता. केवळरामनं दुसरा मिस्त्री धरला असेल, असं इश्वरच्या मनानं घेतलं आणि ते त्याला फार लागलं. एका सकाळी दुकान बंद करून तो तडक शेतावर गेला.

शेताच्या धुऱ्यावरूनच निळ्या पाट्या चमकताना दिसल्या. पाणी धानाच्या बांधीत पडत होतं, इंजिनाचा आवाज मात्र नव्हता. इश्वरला पाहताच केवळराम गोठ्यात शिरला तो बाहेर येईना. शेवटी शकुंतलाबाईनंच इश्वरला खाट टाकून दिली आणि नवऱ्याला दटावून बाहेर आणलं.

"सोलर लावलं तं सांगाचं होतं," इश्वर म्हणाला. "लपला काहून?"

केवळराम जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "डिझेल परवडत नोतं गा. पन इंजिन गेलं म्हंजे तू कायले येशील इकडं? थे मले सांगवलंच नाई."

इश्वर भांडायला आला होता. आपलं गिऱ्हाईक गेलं, एवढंच त्याला दिसलं होतं. समोरच्याचंही काही जात होतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला हसू आलं. उठून त्यानं सोलर चहूबाजूंनी पाहिलं. पाना लावायला कुठं जागा दिसेना, तेव्हा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पाट्यांवरची धूळच पुसून दिली.

"बिगडलं नाई तरी येत जा," केवळराम म्हणाला.

"येईन. पन भाजी थेच पायजे."

जेवणं झाली आणि दोघं आंब्याखाली बसले. इतकी वर्षं इंजिनच्या धडधडीत ते ओरडूनच बोलत आलेले, तेही नटबोल्टचंच. आज शांतता होती, त्यामुळं आधी दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. मग गोष्ट निघता निघता केवळराम सांगून गेला, की तरुणपणी तो गावच्या दंडारीच्या खेळात लुगडं नेसून बाईचं काम करायचा. इश्वरचा विश्वास बसेना. तेव्हा केवळरामनं आजूबाजूला कोणी नाही असं बघून घेतलं, गळा साफ केला आणि बारीक, गोड आवाजात एक गाणं धरलं. झोपडीत भांडी घासणारी शकुंतलाबाई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि इश्वर मांडीवर ठेका धरून ऐकत होता.