पाचव्या नळीचं झाकण

चिलीतल्या वाल्पराईसोहून निघालेल्या आमच्या संशोधन जहाजावर मी विंच, म्हणजे केबल सोडायचं-गुंडाळायचं यंत्र, चालवतो. पाण्याचे नमुने घ्यायच्या नळ्यांची चौकट समुद्रात सोडायची आणि वर ओढायची, एवढंच काम. नळ्या उघड्या खाली जातात आणि हव्या त्या खोलीवर झाकणं बंद होऊन पाणी आत अडकतं. शिकायला आलेली पोरं त्या चौकटीला थर्मोकोलचे पेले जाळीच्या पिशवीत घालून बांधतात. पेल्यांवर आपल्या माणसांची नावं. चार हजार मीटरवरच्या दाबाने पेला चेपून अंगठ्याएवढा होतो. घरी न्यायला फुकटची भेट.

या सफरीत मुख्य शास्त्रज्ञ डॉक्टर एर्नान उर्सुआ यांनी त्यावर बंदी घातली. "हे जहाज आहे, जत्रा नाही," म्हणाले. पोरांनी पिशवी बांधलीच, फक्त चौकटीच्या आतल्या बाजूला.

शेवटच्या दिवशी त्या पोरांतल्या यास्नाला सर्वांत खोलचं पाणी हवं होतं, पाचव्या नळीतलं. ते मिळालं नाही तर तिची पदवी वर्षभर लांबणार होती. तरी पोरगी मला विचारत होती, "काका, तुमचा पेला कुठाय?"

"माझं कोण आहे आता?" मी म्हणालो. पण चौकट सोडायच्या आधी घाईघाईने माझ्या कॉफीच्या थर्मोकोलच्या पेल्यावर 'एदेल्मिरा' लिहिलं आणि गळाच्या दोऱ्याने हाताला लागेल तिथे बांधला.

चौकट वर आली तेव्हा पाचवी नळी उघडीच. माझा दोरा झाकणात अडकला होता. यास्ना डेकवरच खाली बसली.

"कोण ही एदेल्मिरा?" डॉक्टर ओरडले. "माझ्या यादीत या नावाची मुलगी नाही!"

"माझी बायको, डॉक्टर. मार्चमध्ये गेली. चूक माझी आहे, पोरीची नाही. नळी परत सोडू द्या."

"वाईट वाटतं मला. पण नियम सगळ्यांना सारखा. परत सोडायची नाही. अजून काय काय बांधलंय?" रागाच्या भरात त्यांनी आतली पिशवी सोडून यास्नापुढे टाकली. "वाच एकेक नाव. नोंद करायची आहे."

यास्ना डोळे पुसत वाचू लागली. "आई. आजी. पाब्लितो. 'ग्रासिएला, आता तरी घरी ये. तुझा एर्नान.'"

"आपल्यात एर्नान कोण रे?" पोरांतल्या गास्पारने अगदी भोळेपणाने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"यंत्रात बिघाड दिसतोय," ते म्हणाले. "चौकट पुन्हा सोडा. रिकामी."

जाऊन येऊन तीन तासांचं काम. ते माझ्याशेजारी उभे राहिले, केबल बघत.

"किती वर्षं होता तुम्ही दोघं बरोबर?"

"एकतीस."

"आमची बावीस. आता ग्रासिएला फोनही उचलत नाही."

"पण वाजतो ना?" मी म्हणालो.

मग आत पडद्यावर नळ्या बघत बसलेल्या यास्नाची आरोळी आली, "झाली! बंद झाली पाचवी!" आणि मी चौकट वर ओढायला घेतली.