शहाऐंशी

नागेश ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आमच्या फाटकाशी उभा राहिला, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, याला काय हवंय? कोरोनाची दुसरी लाट होती. हुबळीभर सिलिंडरसाठी लोक वणवण फिरत होते, आणि हा गोकुळ रोडवरचा वर्कशॉपवाला ओळखीवर भरून आणलेला सिलिंडर आम्हाला फुकट देत होता. माझे यजमान दत्तात्रेय वकील. सहा वर्षांपूर्वी जागेच्या खटल्यात त्यांनी याच नागेशला हरवलं होतं.

"साहेबांचा खोकला रस्त्यात ऐकू आला वो अक्का. राहवलं नाही."

असं कुणाला राहवत नाही होय? पण नाक मुठीत धरून मी सिलिंडर घेतला. नवऱ्याचा श्वास लागला होता.

दुसऱ्या सकाळपासून फाटकाबाहेरून हाक यायला लागली. "अक्का, आज किती?" बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा त्याला हवा असायचा. सांगितला की खिशातल्या डायरीत लिहायचा. ती डायरी बघून माझं डोकंच फिरलं. आकडा सुधारला की हा सिलिंडर उचलणार, दुसरं काय!

चौथ्या दिवशी आकडा त्र्याण्णव होता. मी शहाऐंशी सांगितला. बत्तीस वर्षं शाळेत खोटारड्या पोरांचे कान पिळले, पण माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. पुढेही रोज तेच सांगत राहिले.

सातव्या दिवशी दत्तात्रेय नळी काढून खुर्चीत चहा पीत होते. आकडा पंच्याण्णव. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि फाटकाशी गेले.

"शहाऐंशी."

नागेश तिथंच घुटमळला. "नक्की ना अक्का?"

आला मुद्द्यावर, मी मनात म्हटलं. "मी खोटं बोलते की काय?"

"तसं नव्हं वो," म्हणत तो गेला.

दोन दिवस तो फिरकला नाही. मला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

"राघवेंद्र अण्णा गेला वो. माझा थोरला भाऊ. सिलिंडर एकच होता. ज्याचा आकडा कमी, त्याच्याकडं राहू दे, असं त्यानंच सांगितलेलं." त्यानं डायरी उघडून दाखवली. एका बाजूला 'साहेब', दुसऱ्या बाजूला 'अण्णा'. सातव्या दिवशी अण्णापुढं अठ्ठ्याऐंशी. साहेबांपुढं शहाऐंशी.

मी दोन्ही बाजूंचे आकडे पुन्हा वाचले.

"घरचे म्हणतात, परक्यासाठी सख्ख्या भावाला घालवलंस. तुम्ही सांगा अक्का. मी चुकलो नाही ना?"

आत दत्तात्रेय फोनवर खणखणीत आवाजात बोलत होते. नागेशलाही ते ऐकू येत होतं.

"नाही," मी म्हणाले. "तू नाही चुकलास."



त्यानं डोळे पुसले, खिशातून पेन काढलं. "मग आज किती?"

"पंच्याण्णव."

"वाचले बघा साहेब," तो म्हणाला, आणि त्यानं तेही लिहून घेतलं.